गतिरोधक घातला, पण सायकलवाला वाचला का?

रस्त्याचं काम झालं की वर्षभरात एक ठरलेलं वाक्य कानावर येतं: "आधी इथं वर्षाला चार सायकलवाले पडायचे, आता दोनच." सगळे खूश, पेपरात फोटो. पण जिथं वर्षाला सरासरी चार अपघात होतात, तिथं रस्त्याला हातही न लावता एखाद्या वर्षी दोन किंवा त्याहून कमी होण्याची शक्यता जवळपास २४ टक्के असते. विरळ घटनांसाठी वापरतात ते पॉइसाँचं गणित मांडा, हेच उत्तर येईल. चार वर्षांत एखादं वर्ष असं नुसत्या योगायोगानं निघतं, आणि त्याचं श्रेय पांढऱ्या पट्ट्यांना जातं.

दुसरी गोची जागा निवडण्यातच असते. काम मंजूर होतं ते ओरड झाल्यावर, आणि ओरड होते ती सर्वांत वाईट वर्षानंतर. वाईट वर्षानंतरचं वर्ष बहुतेक वेळा आपोआपच थोडं बरं जातं. त्यामुळे 'कामाआधीचं एक वर्ष' आणि 'कामानंतरचं एक वर्ष' ही तुलना करायचीच नाही. आधीची तीन वर्षं आणि नंतरची तीन वर्षं, हे किमान.

बेळगाव भागात महिन्यांचंही पथ्य पाळावं लागतं. जून ते सप्टेंबर पाऊस; खानापूरकडे तर धो धो. दिवाळीच्या आसपास कारखाने सुरू झाले की मार्चपर्यंत निपाणी, चिकोडी, हुक्केरी, संकेश्वर पट्ट्यात उसाचे ट्रॅक्टर. जानेवारीतला रस्ता आणि जुलैतला रस्ता हे दोन वेगळे रस्ते समजा. हंगामात दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर, बाहेर लोंबणारा ऊस, मागं रिफ्लेक्टर नाही किंवा आहे तो चिखलानं माखलेला. त्याला ओलांडताना मागची गाडी पलीकडच्या बाजूला जाते आणि समोरून येणारा सायकलवाला थेट साइडपट्टीवर फेकला जातो. काम नोव्हेंबरात पूर्ण झालं असेल तर नंतरचे चार महिने आधीच्या पावसाळ्याशी ताडून बघण्यात काही अर्थ नाही. नोव्हेंबर नोव्हेंबरशीच ताडायचा.

आता आकडे आणायचे कुठून? केंद्र सरकारच्या व्याख्येप्रमाणे राष्ट्रीय महामार्गाच्या सुमारे ५०० मीटर पट्ट्यात तीन वर्षांत मृत्यूचे किंवा गंभीर दुखापतीचे पाच अपघात झाले, किंवा दहा मृत्यू झाले, तर तो 'ब्लॅक स्पॉट' ठरतो. सायकलचे अपघात या जाळ्यात सापडत नाहीत, कारण ते एका जागी साचत नाहीत, पूर्ण रस्त्यावर विखुरलेले असतात. त्यात पोलिसांच्या नोंदीत सायकलवाला मुळातच कमी दिसतो. मोटरसायकलनं हँडलला धक्का दिला, मनगट मोडलं, जागेवरच दोन-तीन हजारांत तडजोड झाली, की एफआयआर होत नाही. गटाराच्या जाळीत चाक अडकून एकटाच पडलेला माणूस तर कुठल्याच ठाण्यात जात नाही.

म्हणून एफआयआरच्या जोडीला तीन ठिकाणं धुंडाळावी लागतात: दवाखान्यातलं एमएलसी रजिस्टर (पोलिसांना कळवायच्या जखमींची नोंदवही), १०८ रुग्णवाहिकेचे कॉल, आणि शाळांची हजेरी. शेवटचं वाचून हसू नका. हायस्कूलच्या शिक्षकांना कोणता मुलगा प्लॅस्टर घालून आला आणि कुठं पडला, हे बहुतेक वेळा ठाऊक असतं. दवाखान्याकडे नावं मागायचीच नाहीत. वय, वेळ, जागा, कशानं धडक बसली आणि दुखापत कुठं, एवढ्यावर काम भागतं.

सीमाभागाची खास अडचण इथं आडवी येते. बेळगाव-वेंगुर्ला रस्ता हिंडलगा, सुळगा, तुरमुरी, बाची करत शिनोळीला महाराष्ट्रात शिरतो. सीमेच्या अलीकडचा गुन्हा बेळगावकडच्या ठाण्यात, पलीकडचा चंदगडकडे. जखमी मात्र दोन्हीकडचे बेळगावच्या दवाखान्यात. निपाणी-कोगनोळीला हेच उलट घडतं: अपघात कर्नाटकात, पेशंट कोल्हापूरच्या सीपीआर या सरकारी दवाखान्यात. फक्त एका बाजूची कागदपत्रं घेतली तर निम्मं चित्र गायब. दोन्हीकडची न जुळवता मिळवली तर तेच अपघात दोनदा मोजले जाण्याचा धोका. एक नोंद कानडीत, दुसरी मराठीत, गावांची स्पेलिंगं तीन तऱ्हांची, आणि सीमा ओलांडली की किलोमीटरच्या दगडांचे आकडेही बदलतात. यावर एकच इलाज चालतो. प्रत्येक अपघात नकाशावर ठिपका म्हणून लावायचा आणि तारीख, वेळ, वय जुळवून जोड्या लावायच्या. ऑनलाइन नोंदीतला ठिपका ठाण्याच्या किंवा दवाखान्याच्या आवारात पडलेला दिसला तर तो तसाच स्वीकारू नका. पंचनाम्यातली जागा वाचून हलवा.

कलमांच्या क्रमांकांवरून गुन्हे शोधणाऱ्यांनी हेही ध्यानात ठेवावं की १ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता लागू झाली. बेदरकार वाहन चालवण्याचं २७९ होतं ते २८१ झालं, दुखापतीची ३३७ आणि ३३८ ही १२५ मध्ये गेली, मृत्यूचं ३०४-अ आता १०६ मध्ये आहे. जुन्याच आकड्यांनी शोधलं तर जुलै २०२४ नंतर अपघात एकदम नाहीसे झाल्यासारखे दिसतील. माहिती अधिकाराच्या अर्जात विषय एकच आणि मजकूर १५० शब्दांत, तेव्हा प्रत्येक ठाण्याला वेगळा अर्ज टाकलेला बरा.

एवढं करूनही एका रस्त्यावर हाती लागतात ते दहा-बारा अपघात. समजा कामाआधीच्या तीन वर्षांत १२, नंतरच्या तीन वर्षांत ६. (हे आकडे फक्त हिशेब समजण्यासाठी घेतलेले आहेत.) वरवर बघता ५० टक्के घट. आता त्याच तालुक्यातले काम न झालेले, तशाच वर्दळीचे काही रस्ते घ्या; तिथं आधी ४०, नंतर ३२. म्हणजे काही न करताही पाचवा हिस्सा कमी झालेला. आपल्या रस्त्यावर काम झालं नसतं तर १२ गुणिले ३२ भागिले ४०, म्हणजे ९.६ अपघात अपेक्षित होते. झाले ६. घट साडेसदतीस टक्के.

मग जागेच्या निवडीचा दोष काढायचा. यासाठी रस्ता-सुरक्षेत एझ्रा हाउअर यांनी रुजवलेली पद्धत सोपी आहे: आपल्या जागेचा आकडा आणि तशाच इतर जागांची सरासरी यांचं वजनानुसार मिश्रण घ्यायचं. समजा तशाच जागांवर तीन वर्षांत सरासरी साडेचार अपघात होतात आणि वजन ३०-७० पडतं (३० त्या सरासरीला, ७० आपल्या आकड्याला). मग आपला खरा 'आधीचा' आकडा १२ ऐवजी ९.७५ धरायचा. त्याला वरचा पाचव्या हिश्श्याचा उतार लावला की ७.८. आता ६ ची तुलना ७.८ शी; घट २३ टक्क्यांवर आली. पन्नासाची साडेसदतीस आणि तिची तेवीस.

आणि शंकेचा पट्टा? साध्या तुलनेतलं गुणोत्तर ०.६२५. चारही आकड्यांचे व्यस्त मिळवा: १/१२ + १/६ + १/४० + १/३२, येतात ०.३०६. वर्गमूळ ०.५५. यावरून ९५ टक्के खात्रीचा पट्टा ०.२१ ते १.८५ असा निघतो. म्हणजे अपघात ७९ टक्के घटले असतील किंवा ८५ टक्के वाढलेही असतील, आकडे दोन्ही बोलतात! पण अशीच दहा कामं एकत्र घेतली, १२० चे ६० आणि तुलनेच्या रस्त्यांवर ४०० चे ३२०, तर पट्टा ०.४४ ते ०.८८ इतका आखडतो आणि निकाल लागतो. एका चौकाच्या अपघातसंख्येवरून त्या चौकाचा निकाल लागत नाही. हे जिल्हा पातळीवर, एकाच प्रकारची अनेक कामं एकत्र करूनच पाहायचं असतं. एका चौकात मोजायच्या गोष्टी वेगळ्या: वेग, गाठ पडता पडता चुकलेले प्रसंग, आणि सायकली किती.

वेगापासून सुरू करू, कारण तो मोजायला पैसे लागत नाहीत. रस्त्यावर बरोबर ५० मीटर टेपनं मोजून दोन्ही टोकांना कडेला खडूची खूण करा. मोबाइल स्टँडवर लावून दोन्ही खुणा फ्रेममध्ये येतील असा ठेवा, शक्यतो पहिल्या मजल्यावरून, घरमालकाला विचारून. गाडीचं पुढचं चाक पहिल्या खुणेवर आणि दुसऱ्या खुणेवर आल्याची फ्रेम शोधा. १८० ला सेकंदांनी भागलं की ताशी किलोमीटर; तीन सेकंद लागले तर वेग ६०. हाच हिशेब हातातल्या स्टॉपवॉचवर केला आणि अंगठा ०.२ सेकंद चुकला, तर वेगात चार किलोमीटरचा फरक पडतो. सेकंदाला तीस फ्रेमच्या व्हिडिओत तो एका किलोमीटरच्या आत राहतो. खुणेकडे तिरकं बघितलं तर चाक कधी पोहोचलं ते चुकतं, म्हणून रस्त्याच्या दोन्ही कडांना समोरासमोर खुणा करा आणि त्यांना जोडणारी रेघ धरून वाचा.

फक्त मोकळ्या गाड्या धरा, म्हणजे पुढच्या गाडीपासून चार-पाच सेकंद तरी मागं असलेल्या. ट्रॅक्टरमागं रांगेत अडकलेल्या कारचा वेग हा ट्रॅक्टरचा वेग. शंभर गाड्या घ्या. मोटरसायकल, कार, अवजड यांची पानं वेगवेगळी. आकडे चढत्या क्रमानं लावून ८५ वा बघा, तो ८५ पर्सेंटाइल वेग. वेगांचा पसारा (प्रमाण विचलन) साधारण १० किलोमीटरचा असेल तर शंभर-शंभर गाड्यांच्या दोन मोजण्यांत सरासरीतला तीन किलोमीटरचा फरक विश्वासाचा, एकाचा नाही. सरासरी वेग एक टक्का वाढला की जीवघेण्या अपघातांचा धोका सुमारे चार टक्क्यांनी वाढतो, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. शहरी रस्त्यांवर परिणाम याहून कमी येतो, पण दिशा तीच. ५० चे ४५ झाले तर उघड्या रस्त्यावर सुमारे एकतृतीयांश घट अपेक्षित धरायला हरकत नाही, आणि त्यासाठी तीन वर्षं कुणी मरायची वाट पाहावी लागत नाही.

गाठ पडता पडता चुकलेल्या प्रसंगांसाठी तोच व्हिडिओ चालतो. सायकल आणि गाडी यांचे मार्ग जिथं एकमेकांना छेदतात तो तुकडा पडद्यावर आखा. पहिला तिथून बाहेर पडल्यापासून दुसरा आत शिरेपर्यंत किती फ्रेम गेल्या ते मोजा. दीड सेकंदाच्या आत, म्हणजे ४५ फ्रेमच्या आत असेल तर नोंद. एका सेकंदाच्या आत असेल तर वेगळ्या रकान्यात. अर्ध्या तासाचा एकच तुकडा दोघांनी एकमेकांना न दाखवता वाचायचा. दोघांचे आकडे फार वेगळे आले तर आधी व्याख्या पक्की करा, मग पुढं जा. आधी आणि नंतर वार तोच, वेळ तीच, पाऊस नाही, यात्रा किंवा बाजाराचा दिवस नाही. व्हिडिओत चेहरे आणि नंबर येतात. तो ग्रुपवर फिरवायचा नाही.

आणि सायकली मोजा. या भागात सायकलवर असतात ते हायस्कूलची मुलं, दूधवाले, गवंडी, उद्यमबाग आणि मच्छेकडे पाळीला जाणारे कामगार. शाळा भरताना-सुटताना आणि पाळी बदलताना, पंधरा-पंधरा मिनिटांच्या रकान्यांत, दोन्ही दिशांनी, आणि उलट बाजूनं जाणारे वेगळे. कर्नाटक सरकारनं २००६-०७ पासून आठवीच्या मुलांना मोफत सायकली द्यायला सुरुवात केली. ज्या वर्षी वाटप झालं नाही त्या वर्षी रस्त्यावर सायकली घटू शकतात आणि त्याबरोबर अपघातही. ते यश गतिरोधकाचं नव्हे. उलट बाजूही आहे. सायकली दुप्पट झाल्या तर अपघात दुप्पट होत नाहीत. जेकबसेन यांच्या २००३ च्या अभ्यासातल्या ०.४ या घातांकानं ते सुमारे ३२ टक्केच वाढतात, म्हणजे प्रत्येकाचा धोका कमी होतो. काम चांगलं झालं म्हणून मुलं सायकलवर परत आली आणि अपघात एक-दोनानं वाढले, तर त्याला अपयश म्हणू नये.

आता कामांकडे. आपल्याकडचं लाडकं काम म्हणजे गतिरोधक, आणि सर्वांत वाईट घातला जातो तोही तोच. इंडियन रोड्स काँग्रेसच्या १९८८ च्या मानकात गोलाकार गतिरोधक ३.७ मीटर रुंद, १० सेंटिमीटर उंच, १७ मीटर त्रिज्येचा. ताशी २५ किलोमीटरनं ओलांडण्यासाठी. तपासायला चार मीटरची सरळ पट्टी आणि फूटपट्टी पुरते: मधोमध १० सेंटिमीटर, तिथून दोन्हीकडे ९२ सेंटिमीटर सरकलं की साडेसात. गावोगावी दिसतो तो मात्र हातभर रुंद आणि टोकदार, वर रंग नाही. त्याच्या दोन्ही टोकांना पाणी जाण्यासाठी फूट-दीड फूट जागा सोडलेली असते. सायकलवाला त्या फटीतून जातो, कारण कॅरिअरवरचं ओझं उडतं. मोटरसायकलवालाही त्याच फटीकडे वळतो. कारचा वेग कमी झाला आणि सायकल-मोटरसायकलची गाठ कडेला नव्यानं पडायला लागली, असं व्हिडिओत दिसलं तर गतिरोधक मोडून मापात घाला. फट ठेवायची असेल तर आधी खांब रोवून ती फक्त सायकल जाईल एवढीच ठेवा.

साइडपट्टीबद्दल मात्र जितकं लिहावं तितकं थोडं. रस्त्यावर नवा डांबराचा थर पडतो, चार-पाच सेंटिमीटर. साइडपट्टीत मुरूम भरायचा राहतो, किंवा भरतात आणि पहिल्याच पावसात वाहून जातो. कडेला पायरी तयार होते. ट्रकनं हॉर्न दिला की सायकल खाली उतरते. परत वर चढताना पुढचं चाक पायरीला समांतर घासतं, चढत नाही, हँडल लॉक होतं आणि माणूस पडतो तो रस्त्याच्या आत, मागच्या चाकापुढं. वर गुळगुळीत डांबरानं गाड्यांचा वेगही वाढलेला असतो. कागदावर ही 'सुधारणा' आहे, सायकलवाल्यासाठी दोन्हीकडून मार. दर दहा मीटरला पट्टी लावून पायरी मोजा आणि पाच सेंटिमीटरच्या वरच्या जागा नकाशावर लाल करा. डांबराची कड उभी न तोडता सुमारे ३० अंशाच्या उतारानं दाबून घेतली आणि मुरूम पाणी मारून रोलरनं बसवला, तर चाक परत वर येतं. ही मोजणी काम संपल्यावर एकदा आणि पावसाळ्यानंतर पुन्हा. पहिल्या मोजणीत सगळे पास होतात.

टिळकवाडीतल्या रेल्वे गेटांवर त्रास वेगळा. काँग्रेस रोड रुळांना समांतर जातो, त्यामुळे सायकल वळता वळताच रुळावर येते, म्हणजे तिरकी. रुळालगतची खाच सुमारे पाच सेंटिमीटर, साध्या सायकलचा टायर चारच्या आसपास. रूळ ६० अंशांहून कमी कोनात ओलांडला की चाक खाचेत उतरण्याचा धोका वाढतो, आणि रूळ ओला असेल तर आधीच घसरतं. गेट उघडलं की सगळी गर्दी एकदम सुटते, सायकलवाल्याला सरळ कोन घ्यायला जागाच उरत नाही. इथं इलाज फलकाचा नाही. वळणाच्या बाहेरच्या बाजूला दोन-अडीच मीटर जादा फरशी हवी, म्हणजे सायकल फुगून येऊन रूळ सरळ ओलांडेल. मोजायचं काय? शंभर सायकलींपैकी किती जण उतरून चालले, किती सरळ गेले, किती जणांचं चाक हललं.

गटारावरच्या जाळ्या रस्त्याच्या दिशेनं उभ्या बसवल्या असतील तर नुसत्या काढून आडव्या बसवा. खर्च जवळपास शून्य, मोजत बसायचीही गरज नाही. झेब्रा आणि पट्ट्यांचा थर्मोप्लास्टिक रंग ओला झाला की निसरडा, विशेषतः वळणावर. काचेचे मणी रात्री चमकतात, पकड वाढवत नाहीत. वळणावर खडबडीत मिश्रण मागा.

दुभाजकांत एक चकवा आहे. खानापूर रस्त्यासारख्या ठिकाणी मधली फट बंद केली की त्या फटीवरचे अपघात शून्यावर येतात आणि अहवाल गोड होतो. पण सायकलवाला पुढच्या फटीपर्यंत जाऊन परत येत नाही. तो उलट बाजूनं कडेकडेनं जातो, किंवा सायकल उचलून दुभाजकावरून नेतो. म्हणून अभ्यासाचा पट्टा बंद केलेल्या फटीपुरता न ठेवता दोन्हीकडच्या पुढच्या फटींपर्यंत घ्या आणि उलट जाणाऱ्यांचं प्रमाण आधी-नंतर मांडा. ते दहाचं तीसवर गेलं असेल तर फट चुकीच्या जागी बंद केली आहे. महामार्ग ४८ च्या सर्व्हिस रोडवर भुयारी मार्गांमधलं अंतर लांब असेल तिथंही हाच प्रकार.

रात्रीच्या अपघातांत सायकलच्या मागच्या रिफ्लेक्टरचीही पाहणी करा, पण सायकल उभी असताना नव्हे, ओझं लादलेली असताना. वैरणीचा भारा किंवा दुधाचे कॅन लागले की मडगार्डवरचा लाल रिफ्लेक्टर झाकला जातो. पॅडलचे पिवळे तेवढे दिसतात, तेही असले तर. साखर कारखान्यानं ट्रॉल्यांना चिकटपट्टी लावली असेल तर गेटवर उभं राहून किती ट्रॉल्यांची पट्टी हंगामाच्या तिसऱ्या महिन्यातही दिसते ते मोजा. पहिल्या आठवड्याचा आकडा फोटोपुरता असतो.

कामानंतरची मोजणी लगेच करू नका. लोक नव्या गोष्टीला बिचकतात आणि पहिले काही आठवडे वेग उगाच कमी दिसतो. दोन-तीन महिन्यांनी एकदा, पावसाळा उलटल्यावर एकदा, आणि वर्षानं एकदा. कामाआधीची मोजणी मात्र टेंडर निघण्याच्या सुमारासच उरकून घ्या. खडी पडली की जुना रस्ता परत मोजायला मिळत नाही. आकडे जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या रस्ता सुरक्षा समितीकडे द्यायचे तर एक नकाशा आणि एक तक्ता पुरे: वेग, चुकलेल्या गाठी, सायकलींची संख्या, उलट जाणाऱ्यांचं प्रमाण, पायरीची उंची, प्रत्येकाचे आधी, नंतर आणि तुलनेच्या रस्त्याचे असे तीन रकाने. तुलनेच्या रस्त्याचा रकाना रिकामा असलेला तक्ता समितीनं परत पाठवावा.